झराई यंदा रुसली नाही

१

छबूबाईंनी गाभाऱ्याची कडी काढली, दाराला खांदा लावला आणि आत पाऊल टाकता टाकता त्या थबकल्या. समई शांत तेवत होती. सकाळी वाहिलेली शेवंती जागच्या जागी होती. हिरवं लुगडं, हळदीकुंकवाचा करंडा, नैवेद्याची वाटी, सगळं होतं. फक्त देवीला तोंड नव्हतं.

चांदीचा मुखवटा असायचा तिथं शेंदूर फासलेला दगडी तांदळा उघडा बसला होता, झोपेतून दचकून उठल्यासारखा.

त्यांच्यामागं मुक्ताबाई हात जोडून उभ्या होत्या. मार्गशीर्षात त्यांचा नेम असे: रोज देवळात जाऊन देवीचं मुखदर्शन घ्यायचं, मगच अन्नाला शिवायचं. आज संगमनेरहून निघताना देवळं उघडली नव्हती, म्हणून पहाटेपासून पोटात फक्त पाणी होतं. सहलीच्या बेतात दर्शन अगदी शेवटी, जेवणानंतर होतं. मुक्ताबाईंनीच हळू आवाजात विनंती केली होती, की मला आधी उघडून द्याल का? म्हणून दार आत्ता उघडलं होतं.

"मी सकाळी हिला नटवून गेले," छबूबाई भिंत धरून म्हणाल्या. "तुमच्या गळ्याची आन बाई, तोंड हुतं हिला."

मुक्ताबाईंनी त्यांना उंबऱ्यावर बसवलं. बाहेर कोणीतरी घंटा बडवायला लागलं, आणि डोंगराच्या त्या खोबणीतलं एवढंसं गाव देवळाकडं धावत सुटलं.

२

ऊनझरे हे गाव पारनेरच्या पलीकडं, मुख्य रस्ता सोडून बरंच आत आहे. तिथं जमिनीतून ऊन पाणी वर येतं. थंडीच्या सकाळी कुंडावर वाफेचा असा पडदा धरतो, की चार हातांवरचा माणूस स्वप्नातल्यासारखा दिसतो, आहे म्हणावं तर नाही. कुंडाच्या वर झराईचं देऊळ, आणि देवळामागं टेकडी ओलांडली की जुन्या मंदिरांचे अवशेष: पडके खांब, अर्ध्या कमानी, गवतात आडव्या झालेल्या शिळा.

ही एक दिवसाची सहल गावातलाच कल्याण काढायचा. गाडीतच तो सगळी माहिती सांगे, आणि सांगे ते असं, की डुलकी घेणाराही जागा होई.

"पाण्यात गंधक आहे," त्यानं सकाळीच बजावलं होतं. "चांदी असेल ती काढून ठेवा, काळी ठिक्कर पडते. आमच्या देवीचंही तेच होतं. चैत्राच्या जत्रेत वर्षातून एकदा मुखवट्याला कुंडात आंघोळ घालतात. पाण्यातून काळी होऊनच वर येते. आम्ही म्हणतो, रुसली. मग गुरवाघरच्या बाया रात्रभर चिंच आणि राख लावून तिला घासतात. सकाळी पांढरी लख्ख. आम्ही म्हणतो, हसली." इथं त्यानं आवाज खाली आणला. "पण यंदा आक्रीत झालं. देवी पाण्यात गेली तशीच पांढरी वर आली. यंदा ती रुसलीच नाही."

गाडीत सगळ्यांनी नकळत हात जोडले. त्या चैत्रापासून कल्याणची गाडी दर रविवारी भरून येत होती, हेही त्यानं मोकळेपणानं सांगितलं.

आसाराम नावाचे म्हातारे सराफ पुढच्या बाकावर होते. ते हसून म्हणाले, की चांदीत हयात गेली माझी, मला नका सांगू. मागच्या बाकावर निकिता आणि समर्थ, नवं जोडपं. निकितानं गळ्यातली साखळी काढली, पण पायातली जोडवी काढीना. वर्षभर काढायची नाहीत असं सासूबाईंनी सांगितलं होतं. काळ्या पायांची बायको घरी नेली तर आई मलाच रागावेल, असं म्हणून समर्थनं तिला भरपूर चिडवलं.

गावात पहिला चहा भागवतदादांकडं झाला. दादा देवस्थानाचे प्रमुख, शब्दाला वजन असलेला माणूस. त्यांचं घर कुंडाला लागूनच. आसारामांनी बशीत चहा ओतता ओतता सांगितलं, की आज तो मुखवटा हातात घेऊन बघायचाय, तसं जुनं ठोक्याचं काम आता कुठं राहिलंय. दादांनी त्यांना आणखी चहा वाढला आणि गोष्ट ज्वारीच्या पेऱ्याकडं वळवली.

मुक्ताबाई चहा घेणार नव्हत्या, म्हणून आत जाऊन भागूबाईंपाशी बसल्या. दादांची बायको पडल्यापासून दोन दिवाळ्या अंथरुणाला खिळली होती. खोलीत कुंडाच्या पाण्याची बादली वाफाळत होती, म्हातारीच्या अंगाला शेक द्यायला. उशाशी वाटीत चिंच भिजत घातलेली. मुक्ताबाईंचं आयुष्य दूध डेअरीत गेलेलं, कॅनचं झाकण उघडलं की वासावरून दूध ओळखायचं. खोलीतला तो आंबट वास त्यांच्या नाकाला आधी लागला आणि मग डोळ्यांना म्हातारीची बोटं दिसली. शेंडे काळे होते, काजळ पुसल्यासारखे.

त्यांनी आपल्या नेमाचं सांगितलं तशी भागूबाईंचा चेहरा उजळला.

"मीबी तिला बघितल्याबिगर जेवत न्हाई. लगीन झाल्यापास्नं."

"अजूनही?"

"तर. येती की ती. येती आन रुसती. मग मी हसवती तिला."

मुक्ताबाईंनी त्यांच्या हातावरून हात फिरवला. आजारी माणसाला जाग आणि स्वप्न यांतली वेस दिसत नाही, असं त्यांना वाटलं. त्या उठल्या आणि बाकीच्यांबरोबर टेकडी चढायला लागल्या.

३

आता देवळापुढं गाव जमलं होतं. सहलीच्या पाहुण्यांनी कोणी न सांगता आपापल्या पिशव्या पारावर रित्या केल्या. पंचे निघाले, फरसाणाचे पुडे निघाले, समर्थच्या पिशवीत लग्नाचा अल्बम निघाला आणि निकिता लाजून मेली. मुखवटा निघाला नाही.

भागवतदादा घामाघूम होऊन उभे होते. पोलिसांना बोलवायचं का, असं कोणी विचारलं, तर ते म्हणाले, की देवीची अब्रू चावडीवर नको. मग एका म्हाताऱ्यानं जुनी रीत काढली: ज्याच्या पाळीत देवीचं काही हरवेल, त्याची पूजेची पाळी जाईल, कायमची. पाळी छबूबाईंची होती. नवरा गेल्यावर त्याच पाळीवर त्या उभ्या होत्या. पण पोटापेक्षाही, सकाळी उठून ज्या चेहऱ्याला न्हाऊमाखू घालायचं तो चेहराच त्यांच्याकडून काढून घेतला जाणार होता. उन्हं कलायच्या आत त्यांनी गाभाऱ्याला रात्री लावायच्या कुलपाची किल्ली पारावर आणून ठेवायची, असं ठरलं.

मुक्ताबाईंना ते फार लागलं. दार आपल्यासाठी उघडलं होतं. त्या कोणाला जाब विचारणाऱ्यांतल्या नव्हत्या. पण शेजारी बसून, पदर सावरत, साधंसं काही विचारायला त्यांना कोणाची परवानगी लागत नव्हती.

कल्याणला त्यांनी विचारलं, की अवशेष बघताना तू मधूनच खाली कुठं गेला होतास? तो ओशाळला. गाडीत विसरलेली पाण्याची खोकी आणायला गेला होता, ड्रायव्हरनं ते पाहिलं होतं. आसाराम गुडघ्यांमुळं टेकडी चढलेच नव्हते, टेकडीच्या अलीकडच्या एका पडक्या कमानीत बसून राहिले होते. ते जरा तिरसटपणे म्हणाले, की सराफ दिसला की लोकांना चोर दिसतो. मग स्वतःच मऊ झाले. आपण बसलो तिथून देऊळ दिसत नव्हतं, पण पायवाट दिसत होती, आणि बाकीचे उतरायच्या आधी तिथून कल्याण आणि भागवतदादा असे दोघंच खाली आले, दादा आधी. दादा भाकरीचं बघायला म्हणून पुढं गेले होते, ते तर सगळ्यांनाच माहीत होतं.

छबूबाई देवळाच्या ओट्यावर गुडघ्यांत मान घालून बसल्या होत्या.

"मुखवटा कधी देवळाबाहेर जातो का हो?" मुक्ताबाईंनी विचारलं.

"जत्रेला, कुंडापत्तुर. आन गेल्या सालच्या दिवाळीनंतर एकदा नगरला नेलता, कानापाशी चीर गेली हुती म्हनून. दादांनीच नेला, दादांनीच आनला." मग त्या आपल्याशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, "यंदा जत्रेत रुसली न्हाई, तवाच मला कसंतरी झालं बाई. समदं गाव नाचत हुतं. मी चिंच भिजवून बसले हुते रातभर. हाताला काम न्हाई. वाटलं, हिला आता माझी गरज ऱ्हायली न्हाई."

मुक्ताबाई त्यांच्याशेजारी बसून टेकडीकडं बघत राहिल्या. उपाशी पोटी माणसाला दूरचंही जवळ दिसतं. टेकडीवरचे खांब ढगांत टेकल्यासारखे वाटत होते, खालून वाफ चढत होती, आणि त्या वाफेत काहीतरी होतं, ज्याला अजून तोंड फुटलं नव्हतं.

इतक्यात कुंडाकडून निकिताची हाक आली, की पाणी वर येतंय.

४

निकिता नुसती पाय सोडून बसली होती. कुंडाच्या पायऱ्यांवर पाणी चढत चढत तिच्या साडीच्या काठाला लागलं. असं कधी होत नसे. जेवढं पाणी वर येई तेवढं दगडी मोरीतून शेतांकडं निघून जाई. मोरीच तुंबली असणार, असं म्हणून समर्थ बाही सरसावून खाली उतरला. खांद्यापर्यंत हात घातला, चाचपडला, आणि ओढून काढलं ते दोन्ही हातांनी वर धरून तसाच उभा राहिला.

वाफेतून झराईचं तोंड वर आलं. मोठे डोळे, मिटलेले ओठ, आणि पाणी निथळत असलेले पांढरे लख्ख गाल.

बाया तिथंच गुडघ्यांवर बसल्या. कोणीतरी म्हणालं, बघा, आजही रुसली नाही. आसाराम चष्मा सावरत पुढं झाले, पण त्यांच्या आधी भागवतदादा पाण्यात उतरले. उपरण्यात त्यांनी मुखवटा गुंडाळला आणि म्हणाले, की शुद्धी होईपर्यंत कोणी हात लावायचा नाही.

मुखवटा मिळाला म्हणून छबूबाई सुटल्या असं मुक्ताबाईंना क्षणभर वाटलं. झालं उलटंच. कुंडावर दिवसभर कोणाचा राबता? पूजेचं पाणी न्यायला कोण येतं? छबूबाईच. तिनंच लपवला असणार, पाहुणे गेल्यावर काढणार असणार, असं आधी एकजण पुटपुटला आणि मग सगळेच मोठ्यानं बोलायला लागले. हरवल्याचा दोष होता तो आता चोरीचा झाला.

निकिता पाय पुसत होती. तिनं खाली पाहिलं आणि तिचे डोळे भरून आले. जोडवी काळी पडली होती, तव्याच्या बुडासारखी.

"असू दे गं," मुक्ताबाई म्हणाल्या. "चिंचेनं निघतं." आणि ते शब्द तोंडातून गेले तशा त्या होत्या तिथंच बसल्या.

५

वाफ त्यांच्याभोवती फिरत होती. त्यांनी डोळे मिटले, ओठांत नाम सुरू केलं, आणि नामाच्या एकेका मण्याबरोबर सकाळपासूनचं एकेक पुढं येत गेलं.

पोरीची जोडवी एवढ्याशा वेळात काळी झाली. मुखवटा त्याच्याही आधीपासून त्याच पाण्यात होता, आणि पांढराच राहिला. देवीची कृपा म्हणावं, तर मग ती कृपा नवी होती. एवढ्या वर्षांत ती रुसत आली, आणि थांबली ती याच चैत्रात. त्याआधी, गेल्या सालच्या दिवाळीनंतर, मुखवटा नगरला जाऊन आला होता.

मुक्ताबाईंना रडूच आलं. पहाटे गाडीत त्यांनीही त्या चमत्काराला हात जोडले होते. पण दुधाला दूध म्हणायचं आणि पाण्याला पाणी, हेही त्यांनी आयुष्यभर देवाचंच काम समजून केलं होतं.

छबूबाईंनी मुखवटा बदलला असता, तर त्यांनी तो जत्रेत पाण्यात उतरू दिला नसता. आणि देवी रुसली नाही म्हणून रात्रभर चिंच उशाशी घेऊन बसल्या नसत्या. चिंच. आज सकाळीही एका उशाशी चिंच होती. बादलीच्या गंधकी वाफेनं खोलीतली चांदी रोज काळी पडेल, आणि रोज कोणाला तरी ती घासावी लागेल. आणि जी बाई मुखदर्शनाशिवाय घास घेत नाही, ती दोन दिवाळ्या अंथरुणावर पडून जगली कशी?

त्या उठल्या. भागवतदादा कुंडाच्या कडेला एकटेच उभे होते, उपरण्याचं गाठोडं छातीशी धरून. पारावर छबूबाई कमरेची किल्ली सोडत होत्या. गाठ निसटत नव्हती.

मुक्ताबाई दादांच्या जवळ गेल्या, आणि फक्त त्यांनाच ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाल्या, "दादा, माझा आजचा उपास तुमच्याच घरात सुटेल, नाही का?"

दादांनी त्यांच्याकडं पाहिलं. मग गाठोडं मांडीवर घेऊन ते पायरीवर बसले.

"मी तिच्यासाठी केलं," ते म्हणाले.

६

सगळं त्यांनी पारावर जाऊन स्वतःच सांगितलं. मुक्ताबाई शेजारी उभ्या होत्या, दादा अडखळले की मान हलवत होत्या.

पडल्यावर भागूबाईंनी अन्न सोडलं होतं. देवळात जाता येईना, आणि नेम मोडवेना. फोटो दाखवला, तसबीर दाखवली. म्हातारी तोंड फिरवी. पेजसुद्धा घशाखाली उतरेना. दादांना समोर बायको विझताना दिसत होती. त्यात मुखवट्याला चीर गेली आणि तो नगरला न्यायचं ठरलं. तिथं त्यांनी हुबेहूब दुसरा करून घेतला, पितळेवर निकेलचा मुलामा देऊन. तो देवळात बसवला आणि खरा घरी आणला. त्या दिवशी भागूबाई दूधभात जेवल्या. देवी आपल्यासाठी आलीय, एवढंच त्यांना ठाऊक होतं.

"जत्रेत पकडलो जानार म्हनून मी आदल्या राती झोपलो न्हाई," दादा म्हणाले. "तर तुमीच चमत्कार म्हनालात. मग मला तोंडच ऱ्हायलं न्हाई."

आज सराफ आले तेव्हा ते घाबरले. आसारामांनी मुखवटा हातात घेतला की संपलं. भाकरीच्या निमित्तानं पुढं येऊन त्यांनी तो उपरण्याखाली घेतला. आजच्यापुरता दडवायचा, पॉलिशला दिलाय असं सांगायचं. पण कुंडापाशी येतात तोच वर घंटा वाजली. मुक्ताबाईंच्या उपासानं दार आधीच उघडलं होतं. लोक धावत येत होते, हातात मुखवटा होता, जवळ मोरी होती.

"मला तिथंच चुकल्यासारखं वाटलं होतं," मुक्ताबाई हळूच म्हणाल्या. "कल्याणनं सगळ्यांना सांगितलं होतं पाण्याचं. गावच्या माणसाचा हात खरी चांदी त्या पाण्यात टाकायला धजला नसता. ज्याला ती चांदी नाही हे ठाऊक, त्यालाच ते सुचलं."

आसारामांनी उपरण्यातला मुखवटा घेतला, नखानं कानामागं खरवडलं आणि पिवळी रेघ सगळ्यांना दाखवली. दादा छबूबाईंपुढं वाकले. माझ्या पापावर तुमची पाळी जात होती आणि मी बघत उभा होतो, ते म्हणाले, देवस्थान आजपासून दुसऱ्या कोणी बघावं.

छबूबाईंनी किल्ली परत कमरेला खोचली. त्यांच्या बोलण्यात राग होता, पण तो घरच्या माणसावरचा होता.

"मला एक हाक मारायची, दादा. रोज पूजा झाली की हिला वैनींकडं घेऊन आले असते मी. देवीला पाय न्हाईत. मला हायेत."

खरा मुखवटा दादांच्या घरातून आणला तेव्हा गावातल्या जुन्या माणसांनी म्हटलं, एकदा बघू या. छबूबाई पायरीवर बसल्या आणि त्यांनी दोन्ही हातांनी बाळासारखा धरून तो पाण्यात उतरवला. सगळे वाकून बघत होते. मोरी मोकळी झाली होती, पाणी पुन्हा आपल्या वाटेनं चाललं होतं. आधी गालांवर पिवळसर झाक आली, मग तांबूस, मग कपाळापासून हनुवटीपर्यंत सावली उतरत गेली. छबूबाईंनी मुखवटा वर घेतला. झराई काळीभोर झाली होती.

"रुसली," छबूबाई म्हणाल्या, आणि हसता हसता हुंदका देऊन त्यांनी तो छातीशी धरला. अख्ख्या काठावर माणसं डोळे पुसत होती.

मुक्ताबाईंनी त्या काळ्या चेहऱ्याला डोळे भरून पाहिलं आणि हात जोडले. नंतर भागूबाईंच्या खोलीत त्यांना ताट वाढलं गेलं, पिठलं, भाकरी, कांदा. पलंगावर मुखवटा ठेवून भागूबाई आणि छबूबाई, एक पडून आणि एक बसून, चिंचेनं तो घासत होत्या. नाकाची बाजू तुझी, कपाळ माझं, असं त्यांचं चाललं होतं. निकितानंही आपले पाय पुढं केले, तर छबूबाईंनी उरलेली चिंच तिच्या जोडव्यांना लावली.

कल्याण दारात उभा होता, पडेल चेहऱ्यानं.

"काकू, पुढच्या रविवारी गाडीत काय सांगू मी लोकांना? चमत्कार तर गेला."

मुक्ताबाईंनी भाकरीचा पहिला तुकडा मोडला, डोळ्यांना लावला.

"खरं ते सांग बाळा," त्या म्हणाल्या. "आमची देवी रुसते म्हणून सांग. आणि तिला हसवायला घरात कोण बसलंय, तेही सांग."

पलंगावर काळ्या गालातून एवढासा पांढरा ठिपका उजळला होता. भागूबाईंनी त्यावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, आता हितनं पुढं मी.